वाढत्या शहराला ग्रंथालय नेमकं कशासाठी हवं?

नकाशेवाला

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात आहे. गेल्या वीसेक वर्षांत जगभरच्या शहरांत जी नवी सार्वजनिक ग्रंथालयं उभी राहिली, त्यांचे आराखडे बघण्याचा मला नाद आहे. त्यातून एक गोष्ट दिसते. पुस्तकांना मिळणारी जागा आक्रसत चालली आहे आणि माणसांना मिळणारी वाढते आहे.

फिनलंडमधल्या हेलसिंकीचं ओडी ग्रंथालय बघा. ५ डिसेंबर २०१८ ला उघडलं, तेही थेट संसदेच्या समोर. तीन मजले. तळमजल्यावर मोकळी जागा, सभा, सिनेमा. मधल्या मजल्यावर शिवणयंत्रं, थ्रीडी प्रिंटर, ध्वनिमुद्रणाच्या खोल्या. पुस्तकं वरच्या मजल्यावर, सुमारे एक लाख. डेन्मार्कमधल्या ऑरहूसचं डॉक१ (२०१५) तर अर्धं ग्रंथालय आणि अर्धं नागरी सुविधा केंद्र आहे. लंडनच्या टॉवर हॅम्लेट्स भागात २००२ पासून 'आयडिया स्टोअर' निघाली. तिथे ग्रंथालय आणि प्रौढ शिक्षणाचे वर्ग एकाच छपराखाली आणले आणि पाटीवरून ग्रंथालय हा शब्दच काढला.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. हे चांगलं चाललं आहे. शहर वाढतं तशी घरं लहान होतात, शेजार अनोळखी होतो आणि पैसे न देता दोन तास बसता येईल अशी जागा उरत नाही. ती जागा ग्रंथालयाने द्यावी. पुस्तकं इतर मार्गांनीही मिळतात.

तुम्हाला काय वाटतं?

पानपलट्या

शेवटच्या वाक्याला कडाडून विरोध.

'पुस्तकं इतर मार्गांनीही मिळतात' हे ज्याच्याकडे पैसे आहेत आणि काय हवं ते ज्याला आधीच ठाऊक आहे, त्याच्यापुरतं खरं आहे. ग्रंथालयाची गंमत शोधायला गेलो ते पुस्तक मिळण्यात नसते, त्याच्या शेजारचं हाताला लागण्यात असते. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतलं तिसरं सूत्र हेच सांगतं: प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पुस्तक कपाटातच नसेल तर वाचक त्याला भेटणार कुठे?

आणि शोभेच्या वास्तूंचं म्हणाल, तर चीनमधल्या त्यानजिनचं बिन्हाई ग्रंथालय बघा (२०१७). डोळ्याच्या आकाराचं प्रचंड दालन, छतापर्यंत लाटांसारख्या चढत गेलेल्या फळ्या. जगभर फोटो फिरले. नंतर कळलं की वरच्या फळ्यांवरची पुस्तकं ही पत्र्यावर छापलेली चित्रं आहेत! यावर अजून काय बोलायचं.

सॅन फ्रान्सिस्कोचं मुख्य ग्रंथालय १९९६ साली नव्या इमारतीत गेलं, तेव्हा जागा पुरली नाही म्हणून ढिगाने पुस्तकं मोडीत काढली. इमारत नवी, मोठी, देखणी. आणि पुस्तकं कचऱ्यात. ही दिशा जुनीच आहे, नकाशेवाले.

चष्मिष्ट

+१ पानपलट्या. छापील फळ्यांचं माहीत नव्हतं, हसून हसून वाट लागली.

मधली सुट्टी

दोघांचंही थोडं थोडं पटलं. पण 'लोक नुसतेच येऊन बसतात' ही तक्रार काही आजची नाही.

१८९० च्या दशकात ब्रिटनमधल्या काही ग्रंथालयांत वर्तमानपत्रांतल्या घोड्यांच्या शर्यतीच्या बातम्यांवर काळी शाई फासत असत. कारण? त्या वाचायला बेरोजगार आणि सट्टेबाज लोक गर्दी करायचे आणि 'खऱ्या' वाचकांना त्याचा त्रास व्हायचा. म्हणजे ग्रंथालय कोणाचं, हा वाद सार्वजनिक ग्रंथालयाच्या जन्मापासूनचा आहे. पाटी 'सर्वांसाठी' अशी आणि मनात 'आपल्यासारख्यांसाठी'.

त्याहून भारी किस्सा १८५० च्या ब्रिटिश ग्रंथालय कायद्याचा. नगरपालिकांना ग्रंथालयासाठी मालमत्तेच्या करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे अर्धा पेनी कर लावायची मुभा दिली, पण त्या पैशातून पुस्तकं घ्यायची नाहीत! इमारत बांधा, नोकर ठेवा, दिवे लावा, पुस्तकं कोणीतरी दान देईल. १८५५ साली दुरुस्ती झाली, कर एक पेनीपर्यंत वाढला आणि पुस्तकखरेदीला वाट मिळाली. तेव्हा पुस्तकांशिवायचं ग्रंथालय ही कल्पना नवी आहे असं कोणी समजू नये.

गिरकीजिना

इमारतींशी रोजचा संबंध असल्यामुळे लिहितो. पुस्तकं की माणसं, हा वाद मला गौण वाटतो. खरा घोळ पैशाच्या दोन खात्यांचा आहे. बांधायचा पैसा वेगळा आणि चालवायचा वेगळा. बांधायचा पैसा उभा राहतो, कारण त्याला कोनशिला असते, फीत असते, फोटो असतो. चालवायच्या पैशाला यातलं काहीच नसतं.

बर्मिंगहॅमचं नवं ग्रंथालय २०१३ साली उघडलं. युरोपातल्या मोठ्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, खर्च अठरा कोटी पौंडांच्या पुढे. दोन वर्षांत, २०१५ साली, उघडं राहण्याची वेळ आठवड्याला ७३ तासांवरून ४० वर आणली आणि जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांवर कुऱ्हाड आली. इमारत तीच, काचा तशाच चकाचक, फक्त दार बंद.

मेक्सिको सिटीचं वास्कोन्सेलोस ग्रंथालय मे २००६ मध्ये थाटात उघडलं. वर्षाच्या आत बांधकामातल्या दोषांमुळे बंद करावं लागलं, पुन्हा उघडलं ते २००८ अखेरीस. कोलंबियातल्या मेडेयिनमध्ये डोंगरउतारावरच्या गरीब वस्तीत, रोपवे जिथे पोचतो तिथे, २००७ साली एस्पान्या ग्रंथालय-उद्यान उभं राहिलं. वास्तुरचनेच्या मासिकांनी डोक्यावर घेतलं. काही वर्षांतच बाहेरचं आवरण आणि बांधकाम यांतले दोष उघडे पडले आणि ते वर्षानुवर्षे बंद राहिलं. त्या वस्तीचा अभिमान, आणि त्यालाच कुलूप.

अमेरिकेतला पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी या बाबतीत फार हुशार निघाला. त्याच्या पैशातून जगभरात अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधली गेली, त्यातली १६८९ अमेरिकेत. पण अट काय? जागा गावाने द्यायची आणि बांधकामाला जितके पैसे मिळाले त्याच्या दहा टक्के रक्कम दरवर्षी चालवण्यासाठी गावानेच उभी करायची. ती कबुली आधी, देणगी नंतर. काही गावांनी याच अटीपायी देणगी नाकारली. आजच्या कुठल्याही झगमगीत प्रकल्पाला हा एकच प्रश्न विचारावा: दहा टक्के कुठून येणार?

नकाशेवाला

गिरकीजिना, हे फार मोलाचं लिहिलंत.

पानपलट्या, ओडीबद्दल थोडं पुढे सांगायला हवं. तिथली एक लाख पुस्तकं म्हणजे फक्त दिसणारा भाग. मागे हेलसिंकी आणि आसपासच्या शहरांच्या ग्रंथालयांचं एकत्रित जाळं आहे, त्यात तीस लाखांहून जास्त वस्तू. कुठल्याही शाखेतली मागवा, तुमच्या शाखेत येते. जुना मोठा साठा हेलसिंकीतल्याच पासिला भागातल्या मुख्य ग्रंथालयात आहे. ओडीला पुस्तकं कमी ठेवणं परवडतं, कारण बाकीच्यांनी ठेवली आहेत.

पानपलट्या

म्हणजे माझाच मुद्दा झाला की! नक्कल करणारे वरचा मजला आणि कॉफीयंत्र तेवढं उचलतात. मागचं जाळं कोणी उचलत नाही.

नकाशेवाला

हे मान्य. नक्कल करणारी शहरं तसंच करतात.

कपाट_क्र_७

नेहमी नुसती वाचून जाते, आज राहवलं नाही. मी सार्वजनिक ग्रंथालयात देवघेवीच्या टेबलावर काम करते.

तुम्ही सगळे पुस्तकं आणि इमारत यांवर बोलताय. टेबलावर काय येतं ते सांगते. अर्ज भरून द्या. हा फोटो इतक्या केबीचा करून द्या. पासवर्ड आठवत नाही. मुलाला या विषयावर काहीतरी हवंय, पण सोपं. हे पत्र आलंय, यात काय लिहिलंय? शेवटचा प्रश्न विचारणारा माणूस आधी दोनदा टेबलासमोरून जातो, मग थांबतो.

पूर्वी सरकारी कामाला खिडकी असायची, खिडकीमागे माणूस असायचा. आता सगळं संकेतस्थळावर गेलं. ज्यांना ते जमत नाही ते कुठे जाणार? जिथे अजून माणूस बसलेला आहे तिथेच येणार. आमच्या कामाचं स्वरूप असं बदललं. कोणी धोरण ठरवून बदललेलं नाही, बाकीच्यांनी आपापली टेबलं काढून घेतली म्हणून बदललं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रंथालयाने २००९ साली पूर्णवेळ समाजसेविका नेमली, मग इतर शहरांनीही तसं केलं. फिलाडेल्फियाच्या एका शाखेत २०१७ च्या सुमारास कर्मचाऱ्यांना नशेच्या अतिरेकावरचं औषध द्यायला शिकावं लागलं, कारण समोरच्या बागेत माणसं मरत होती. बातम्यांत याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण मला ते वाचून भीती वाटली. ग्रंथपालाने नर्स व्हायचं, वकील व्हायचं, संगणक दुरुस्त करायचा आणि पगार तोच? 'ग्रंथालयाची बदलती भूमिका' असं शीर्षक वाचलं की मी आधी बघते, भूमिका वाढली तशी माणसं वाढली का.

मधली सुट्टी

ताई, जरूर लिहीत जा. या धाग्यावरचा आतापर्यंतचा सर्वात उपयोगी प्रतिसाद.

तिसरी घंटा

मी जरा वेगळ्या अंगाने. मोठ्या शहरात ग्रंथालय किती सुंदर आहे यापेक्षा किती लांब आहे हे महत्त्वाचं. रंगनाथन यांचंच चौथं सूत्र: वाचकाचा वेळ वाचवा. त्यांना कपाटं आणि सूची अभिप्रेत होती. आजच्या शहरात तेच सूत्र प्रवासाला लावायला हवं. तासभर गर्दीत उभं राहून पुस्तक बदलायला कोण जाईल?

हे सिंगापूरने ओळखलं. तिथे १९९५ साली राष्ट्रीय ग्रंथालय मंडळ झालं आणि त्यांनी शाखा थेट मॉलमध्ये नेल्या. माणसं आधीच जिथे जातात तिथे. रांगा फार लागायच्या म्हणून १९९८ साली एका शाखेत पुस्तकांना आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी आपोआप नोंद होणारी) लावून बघितली, नंतर ती पद्धत सगळीकडे गेली. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटामध्ये, बस स्थानकांत ग्रंथालयाच्या टपऱ्या आहेत, बागांत पुस्तकांची छोटी कपाटं आहेत, ती स्वयंसेवक सांभाळतात. याच शहरात एल तिंताल नावाचं मोठं ग्रंथालय आहे, ते पूर्वी कचरा हाताळण्याचं केंद्र होतं. कॅनडातल्या कॅलगरीने २०१८ साली मुख्य ग्रंथालय बांधलं ते धावत्या रेल्वेमार्गावर कमान टाकून.

माझं गणित सोपं. एका भव्य मुख्य ग्रंथालयाच्या पैशात वीस साध्या शाखा होत असतील, तर वीस शाखा.

गिरकीजिना

@तिसरी घंटा, अर्धं पटलं. वीस शाखांना वीस छपरं, वीस पंप, वीस रखवालदार. चालवायचा खर्च शाखांच्या संख्येने वाढतो, चौरस फुटांनी नाही. आणि कपात आली की आधी बळी जातो तो छोट्या शाखेचाच. ब्रिटनमध्ये २०१० नंतरच्या काटकसरीत शेकडो ग्रंथालयं बंद पडली किंवा स्वयंसेवकांच्या गळ्यात मारली गेली. मुख्य इमारत सहसा कोणी पाडत नाही, लाज वाटते. कोपऱ्यावरची शाखा गुपचूप जाते.

तिसरी घंटा

लाज न्यूयॉर्कलाही वाटली नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये पालिकेने पैसा कापला तेव्हा रविवारी उघड्या राहणाऱ्या बहुतेक शाखांची ती सेवाच गेली. पुढच्या उन्हाळ्यात आरडाओरडा झाल्यावर परत आली. आठवडाभर कामावर जाणाऱ्या माणसाला मोकळा असतो तो रविवार, आणि कापला तोही रविवारच.

पण तुमचा मुद्दा लक्षात घेतो. मग डेन्मार्कसारखं का नको? तिथल्या बऱ्याच शाखांत ठरावीक वेळेनंतर कर्मचारी नसतात. आपलं कार्ड आणि पिन वापरून लोक आत जातात, पुस्तक घेतात, ठेवतात. शाखाही टिकते, वेळही वाढतो.

कपाट_क्र_७

ज्याला काय हवंय ते माहीत आहे, त्याच्यासाठी उत्तम. दोनदा टेबलासमोरून जाणाऱ्या माणसासाठी ती खोली रिकामीच आहे.

मला ही पद्धत सरसकट वाईट वाटत नाही. रात्री अकरापर्यंत शाखा उघडी राहणार असेल तर राहू दे. पण एक घडतं. आधी म्हणतात, कर्मचाऱ्यांच्या वेळेशिवाय जादा तास देऊ. दोन अंदाजपत्रकांनंतर जादा तास तेवढे उरतात.

बिनटोपण

ईपुस्तकांवर अजून कोणी कसं बोललं नाही? मी घरबसल्या फोनवर वाचतो. शाखा, खुर्ची, रविवार, कशाचीच गरज नाही. भविष्य हेच आहे, उगाच नॉस्टॅल्जिया नको.

पानपलट्या

@बिनटोपण, फोनवर वाचा, खुशाल. पण तुम्ही वाचता ते पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचं नसतं. छापील प्रत एकदा विकत घेतली की फाटेपर्यंत ग्रंथालयाची. ईपुस्तकाचा बहुधा परवाना मिळतो. २०११ साली हार्परकॉलिन्सने नियम काढला: २६ वेळा दिलं की परवाना संपला, पुन्हा पैसे भरा. इतर काही प्रकाशकांचे परवाने दोन वर्षांत संपतात, कोणी वाचो न वाचो. २०१९ च्या नोव्हेंबरात मॅकमिलनने तर नव्या पुस्तकाच्या पहिल्या आठ आठवड्यांत अख्ख्या ग्रंथालय यंत्रणेला एकच ईप्रत द्यायची असं ठरवलं. लाखो वस्तीच्या शहराला एक प्रत! ग्रंथालयांनी बहिष्कार टाकला, मार्च २०२० मध्ये नियम मागे घेतला.

शंभर वर्षांपूर्वीचं एखादं न खपलेलं पुस्तक आज मिळतं, कारण कुठल्यातरी ग्रंथालयाने ते तसंच ठेवून दिलं. परवान्याच्या जमान्यात तसं कोण ठेवणार?

चष्मिष्ट

अवांतर: ओस्लोच्या नव्या ग्रंथालयात एक खोली आहे, तिथे दरवर्षी एका लेखकाचं अप्रकाशित हस्तलिखित ठेवतात. २०१४ पासून सुरू आहे, छापणार २११४ मध्ये, त्यासाठी लावलेल्या झाडांच्या कागदावर. परवाना संपायची भीती नाही. :)

बिनटोपण

परवान्याचं खरंच माहीत नव्हतं. पण तो धंद्याचा प्रश्न झाला, कायदा करून सुटेल. तंत्रज्ञानाला दोष कशाला?

मधली सुट्टी

तंत्रज्ञानावरून टोरोंटो आठवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला. सूची बंद, खाती बंद, लोकांसाठीचे संगणक बंद. परत आलेली पुस्तकं नोंदवता येईनात म्हणून लाखो पुस्तकं ट्रेलरांमध्ये भरून ठेवावी लागली. पूर्ववत व्हायला पुढच्या वर्षाचा फेब्रुवारी उजाडला.

आणि त्या सगळ्या काळात शाखा उघड्या होत्या. कर्मचारी सूचीविना पुस्तकं देत होते, मुलांचे कार्यक्रम चालू होते. ज्यांना संकेतस्थळावरूनच पुस्तकं शोधायची आणि राखून ठेवायची सवय होती त्यांचे मात्र हाल झाले. आता यातून कोणाला काय घ्यायचं ते घ्या.

अजून एक, कारण इथे सगळे बांधकामावरच बोलताहेत. भूमिका बदलायला दरवेळी वीट लागत नाही. शिकागोने ऑक्टोबर २०१९ मध्ये उशिराचा दंड बंद केला. न्यूयॉर्कने २०२१ मध्ये. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सुमारे चार लाख लोकांची कार्डं थकलेल्या दंडापायी अडकली होती, आणि ती गरीब वस्त्यांत जास्त. दंड भरायला नको म्हणून आई मुलाला पुस्तकच आणू देत नाही, हे कुठल्या आकडेवारीत दिसणार? शिकागोत दंड गेल्यावर वर्षानुवर्षे घरात पडलेली पुस्तकं लोक परत घेऊन आले. एका ठरावाने जे झालं ते नव्या मजल्याने झालं नसतं.

गिरकीजिना

हे आवडलं. बिनखर्चाचा उपाय म्हणून नाही, कारण दंडाचं उत्पन्न जातंच. पण दंड वसूल करायला जी माणसं आणि वेळ लागतो त्याचाही हिशोब मांडायला हवा.

नकाशेवाला

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा फार पुढे गेली. मी अजूनही माणसांना जागा द्यावी याच मताचा आहे. पण पहिल्या पोस्टमधलं 'पुस्तकं इतर मार्गांनीही मिळतात' हे आता इतक्या बेफिकिरीने लिहिणार नाही. ओडीच्या मागे जाळं आहे आणि जाळ्याच्या मागे दरवर्षीचा पैसा आहे, हे माझ्या आराखड्यांत कधी दिसलं नाही. आराखड्यात खुर्च्या मोजता येतात, तास मोजता येत नाहीत.

कपाट_क्र_७, तुम्हाला एक विचारायचं होतं. सगळीकडे एक तक्रार ऐकू येते. परीक्षेची तयारी करणारी मुलं सकाळी दार उघडताच येतात, पिशवी ठेवून जागा अडवतात आणि रात्रीपर्यंत उठत नाहीत. वर्तमानपत्र वाचायला आलेल्या म्हाताऱ्या माणसाला बसायला जागा नाही. आणि मुलांचंही चूक म्हणवत नाही, घरी अभ्यासाला कोपरा नसतो. यावर उपाय काय?

कपाट_क्र_७

यावर आमच्याकडे सर्वात जास्त भांडणं होतात.

'मुलांना बाहेर काढा' आणि 'सगळंच अभ्यासिका करा' ही दोन्ही टोकं वाया जातात. दुसरं टोक जास्त धोक्याचं, कारण ते सोपं आहे. खुर्च्या भरलेल्या दिसतात, वरिष्ठांना आकडा छान मिळतो, पुस्तकखरेदी हळूच थांबवता येते. मुलं स्वतःचीच पुस्तकं घेऊन येतात, आमच्या कपाटाला वर्षभर हात लागत नाही. परीक्षा झाली की ती जातात ती परत येत नाहीत.

जमतं ते एवढंच. आवाजाप्रमाणे खोल्या वेगळ्या करायच्या: एक बोलायची, एक न बोलायची. वर्तमानपत्रांच्या टेबलावर वह्या चालणार नाहीत, हा नियम लिहून लावायचा आणि कोणाचीही ओळख निघाली तरी मोडायचा नाही. पिशवी ठेवून माणूस तासभर गायब असेल तर पिशवी टेबलाखाली आणि जागा पुढच्याला. यासाठी दर तासाला एकाने फेरी मारावी लागते. आणि त्या मुलांशी बोलायचं. कोणती परीक्षा, कोणता विषय, विचारलं की सांगतात. त्या विषयावरचं एखादं पुस्तक टेबलावर नेऊन ठेवलं, तर दहातला एक ते उघडतो.

फेरी मारायला आणि पुस्तक नेऊन ठेवायला माणूस लागतो. सध्या आमच्याकडे दुपारच्या पाळीला मी एकटीच असते, त्यामुळे फेरीवर गेले की टेबल रिकामं.